नागरिकत्वाचा कागद आणि वकील पंडित



या व्याख्यानमालेत आजवर शिलालेख, संतवाङ्मय, संगीत नाटक आणि सीमाप्रश्न यांवर जाणकारांनी लिहिले आहे. मी त्या पंक्तीतला नव्हे. चाळीस वर्षे बेळगावात होमिओपॅथीचा दवाखाना चालवणारा मी माणूस. सूर्यास्ताआधी जेवून घेणाऱ्या घरात संध्याकाळ मोठी मिळते. ती मी वाचनात घालवतो. इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच.

चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, अमेरिकेत आपल्या माणसाला बोलावून घेण्यासाठी, किंवा तिथले नागरिकत्व मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी, वकील शोधण्याचा इतिहास. ते जरा थांबले. "डॉक्टर, हा इतिहास कसला? हा तर रोजचा ताप आहे," म्हणाले. ताप आहे हे खरेच. माझ्याकडे रक्तदाब वाढलेल्या आजी येतात, औषध घेतात आणि उठता उठता सांगतात, की मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतली मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. "तारीख पुढे सरकली का हो?" हा प्रश्न आपल्या किती तरी घरांत महिन्याच्या महिन्याला विचारला जातो. पण रोजच्या तापालाही पूर्वेतिहास असतो, आणि तो नीट विचारल्याशिवाय औषध ठरवू नये असे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

आधी शब्दापासून सुरुवात करतो. वकिलात आणि वकील हे दोन शब्द आपल्या भाषेत एकाच घरातले. पेशवाईत वकील म्हणजे काळा कोट घातलेला कायदेपंडित नव्हे. दिल्लीला हिंगणे, हैदराबादेस निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे, हे वकील होते. हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर इथल्या वाचकांना ही नावे मी सांगायला नकोत. परक्या दरबारात बसायचे, तिथली भाषा, तिथले रीतिरिवाज, कोणाचे वजन किती हे ओळखायचे, आणि धन्याला खरी बातमी लिहून पाठवायची, हे त्यांचे काम. धन्याला आवडेल तीच बातमी पाठवणारा वकील काय कामाचा? पुढे जे सांगणार आहे त्यात हा जुना अर्थ ध्यानात ठेवावा अशी विनंती आहे.

१८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता, कारण आपल्या माणसाला तिथे उतरायला तेव्हा व्हिसा लागतच नसे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी पत्रव्यवहारातून त्यांना आपल्या घरी बोलावले होते. आजच्या भाषेत त्या आनंदीबाईंच्या स्पॉन्सर. पण त्यांना कुठला फॉर्म भरावा लागला नाही की उत्पन्नाचा पुरावा जोडावा लागला नाही. आनंदीबाई फिलाडेल्फियाला शिकून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. (त्याच फिलाडेल्फियात होमिओपॅथीचे नामांकित कॉलेज होते. बाई तिकडे वळल्या नाहीत याची मला धंद्यापुरती हळहळ आहे.) मात्र त्या उतरल्या त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केले होते. आपल्याला ते दार अजून उघडे होते याचे कारण एवढेच, की आपली संख्या तेव्हा कोणाच्या डोळ्यांत भरण्याइतकी नव्हती.

दारातून आत जाणे वेगळे आणि घरचे होणे वेगळे. अमेरिकेचा नागरिकत्वाचा पहिला कायदा १७९० चा. परदेशात जन्मलेला जो स्वतंत्र गोरा मनुष्य असेल त्यालाच नागरिक होता येईल, असे त्यात म्हटले होते. गुलामगिरी संपल्यावर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. मधले आपण कोण? कायद्यात उत्तर नव्हते. त्यामुळे ज्या न्यायाधीशासमोर अर्ज जाईल त्याच्या समजुतीवर सगळे अवलंबून राहिले. मुंबईकडचे एक पारशी गृहस्थ भिकाजी बलसारा यांचे नागरिकत्व १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने मान्य केले. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अक्षयकुमार मजुमदारांना मिळाले. आणि १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने सखाराम गणेश पंडित नावाच्या अर्जदाराला नागरिक करून घेतले.

हे नाव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचले. सखाराम गणेश म्हटले की मला बंगालमधले देऊस्कर आठवतात. देवघरच्या मराठी घरात वाढलेले, बंगालीत 'देशेर कथा' लिहून इंग्रज सरकारच्या डोळ्यांत सललेले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते जवळचे वाटतात. तसेच नाव, आणि तेही शंभर वर्षांपूर्वीच्या कॅलिफोर्नियातल्या निकालपत्रात! थोरल्या भावाकडे न्यू जर्सीला गेलो असता बाहेर गुडघाभर बर्फ होते. करायला काही नव्हते म्हणून घरातली फाईल चाळत बसलो, आणि त्यातून या निकालापर्यंत पोचलो. ती फाईल कसली, ते पुढे येईल.

पंडितांनी नागरिकत्व मिळाल्यावर कायद्याचा अभ्यास केला आणि १९१७ मध्ये कॅलिफोर्नियात वकिलीची सनद घेतली. त्या राज्यात सनदेसाठी नागरिकत्व लागत असे, हे इथे लक्षात ठेवा. मग आपल्याकडची माणसे त्यांच्याकडे येऊ लागली यात नवल नाही. लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारा पंजाबी माणूस, कागद इंग्रजीत, आणि समोरचा वकील आपल्यासारखा दिसणारा. आजही अमेरिकेत गेलेला मराठी माणूस वकील शोधताना आधी मंडळाच्या गणेशोत्सवात चौकशी करतो. तो मोह जुना आहे. त्यात वाईट काही नाही. एवढेच, की आपला माणूस आणि जाणता माणूस या दोन गोष्टी दर वेळी एका ठिकाणी सापडत नाहीत. पंडितांच्या बाबतीत सापडल्या होत्या.

तरीही त्यांच्या हातून सर्वांत मोठा खटला गेला. भगतसिंग थिंड हे अमृतसर जिल्ह्यातले. १९१३ मध्ये अमेरिकेत आले, गिरणीत काम केले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती होऊन सार्जंट झाले. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांत काढून घेतले गेले. १९२० मध्ये ओरेगॉनच्या न्यायाधीशाने ते पुन्हा दिले. सरकार वर गेले. थिंड यांच्या बाजूने ज्या वकिलांनी काम केले त्यांत पंडित होते.

युक्तिवाद असा होता. १९२२ च्या नोव्हेंबरात ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की गोरा म्हणजे नुसता उजळ कातडीचा नव्हे, तर कॉकेशियन वंशाचा. थिंड यांच्या बाजूने म्हटले गेले, ठीक, मग तुमच्याच वंशशास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानातला उच्चवर्णीय आर्य हा कॉकेशियनच. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल लिहिला: वंशशास्त्र काय म्हणते ते सोडा, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. नोव्हेंबरात शास्त्र चालले, फेब्रुवारीत चालेनासे झाले. न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले होते.

या निकालाबद्दल आपल्याकडे लिहिताना सारा राग त्या न्यायालयावर काढतात. तो काढावाच. पण मला त्या युक्तिवादाचीही लाज वाटते, आणि हे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यात जातीचा आधार घेतलेला होता. आमच्यातला उच्चवर्णीय खालच्या वर्णाशी सोयरीक करीत नाही, म्हणून त्याचे रक्त शुद्ध. तुम्ही जसे निग्रोकडे पाहता तसे आम्ही आमच्या आदिवासींकडे पाहतो, अशा अर्थाची विधाने त्या बाजूने केली गेली. स्वतःसाठी दार उघडून घेताना, बाकीच्यांसाठी ते लावून ठेवा म्हणून सांगायचे! थिंड शीख होते, आणि न्यायालयाच्या कागदांत त्यांना 'उच्चवर्णीय हिंदू' म्हटले गेले. आमच्यासारखा जैन तिथे गेला असता तर त्यालाही हिंदूच म्हटले असते; त्या देशात तेव्हा आपण सगळेच हिंदू होतो. वकिलांनी हाती असलेले हत्यार वापरले, हे मी समजू शकतो. पण हत्यार बोथट होते आणि ते आपल्याच घरच्या लोखंडाचे होते.

निकालाचा परिणाम थिंड यांच्यापुरता राहिला नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांना सरकारने नोटिसा पाठवायला सुरुवात केली, की तुम्हाला ते बेकायदेशीरपणे मिळाले होते, सबब रद्द का करू नये. चार वर्षांच्या आत चाळीसहून अधिक जणांचे नागरिकत्व गेले. मजुमदारांचे गेले. कॅलिफोर्नियात तेव्हा असा कायदा होता, की ज्याला नागरिक होता येत नाही त्याला शेतजमीन बाळगता येत नाही. म्हणजे कागद गेला की जमीनही गेली.

वैष्णोदास बागाई यांचे नाव इथे घ्यायला हवे. पेशावरचे हे गृहस्थ १९१५ मध्ये पत्नी कलाबाई आणि तीन मुलगे घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. सोबत पैसा होता, धंदा उभा केला, १९२१ मध्ये नागरिक झाले. इंग्रजांच्या राज्यात राहायचे नाही म्हणून त्यांनी घर सोडले होते. नागरिकत्व रद्द झाल्यावर त्यांना आप्तांना भेटायला हिंदुस्थानात यायचे होते, तर अमेरिकन पासपोर्ट मिळेना. ब्रिटिश पासपोर्ट घ्या, असे सांगण्यात आले. मार्च १९२८ मध्ये त्यांनी एका भाड्याच्या खोलीत गॅस सोडून जीव दिला. मागे पत्रे ठेवली, त्यांतले एक वर्तमानपत्रासाठी. कलाबाईंनी मुले वाढवली, आणि पुढे कायदा बदलल्यावर त्या स्वतः अमेरिकन नागरिक झाल्या.

बागाई गेले त्याच्या वर्षभर आधीच अशा नोटिसांना तोड सापडली होती, म्हणून हे प्रकरण अधिक लागते.

ती तोड पंडितांची. थिंड निकालानंतर सरकारने खुद्द पंडितांवरही दावा लावला. ज्या वकिलाने खटला लढवला त्याचाच कागद आता टेबलावर. नागरिकत्व गेले असते तर सनद गेली असती आणि पोटाचा धंदा बुडाला असता. त्यांची पत्नी लिलियन अमेरिकेतच जन्मलेली गोरी बाई; पण १९०७ च्या कायद्याने अमेरिकन स्त्री परदेशी नवऱ्याबरोबर आपले नागरिकत्व गमावीत असे. १९२२ मध्ये त्यात सुधारणा झाली, तरी नवरा नागरिक व्हायला अपात्र असेल तर बायकोची सुटका नव्हती. म्हणजे पंडित हरले असते तर लिलियनबाई स्वतःच्या जन्मभूमीत परक्या झाल्या असत्या. आज बायको नवऱ्याला स्पॉन्सर करते, नवरा बायकोला करतो. शंभर वर्षांपूर्वी नवरा बायकोला बुडवीत असे.

पंडितांनी या वेळी काय केले ते पाहण्यासारखे आहे. आपण गोरे आहोत की नाही, या वादात ते शिरलेच नाहीत. ती लढाई संपली होती. त्यांनी न्यायालयाला तारखा सांगितल्या. १९१४ मध्ये माझा अर्ज आला तेव्हा सरकारचा अधिकारी हजर होता. हाच मुद्दा त्याने तेव्हा काढला होता. दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीशांनी माझ्या बाजूने निकाल दिला. सरकारने वर अपील केले नाही. त्या निकालावर विसंबून मी शिकलो, सनद घेतली, लग्न केले, घर केले. आता इतक्या वर्षांनी तोच वाद पुन्हा उकरायचा अधिकार सरकारला कुठून आला? खालच्या न्यायालयाने हे मानले. १९२६ मध्ये अपील न्यायालयानेही त्यांच्या बाजूने कौल दिला, की जो मुद्दा त्याच पक्षकारांमध्ये एकदा लढवून निकालात निघाला तो पुन्हा उघडता येत नाही. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकून घ्यायलाच नकार दिला. त्यानंतर सरकारने असे उरलेले दावे सोडून दिले. पण ज्यांचे आधीच गेले होते त्यांचे काही आपोआप परत आले नाही.

मोठा, तत्त्वाचा, वंशशास्त्राचा खटला पंडितांच्या हातून गेला. तारखेचा आणि कागदाचा लहान मुद्दा धरून ते जिंकले. आमच्या धंद्यातही रोग्याच्या आजाराचे भारदस्त नाव पुष्कळदा निरुपयोगी ठरते, आणि दुखणे सकाळी वाढते की संध्याकाळी, या प्रश्नाच्या उत्तरावर औषध सापडते. ज्यांच्याकडे हा प्रश्न विचारणारा कोणी नव्हता त्यांची नोटीस आली, तारीख पडली, कागद गेला.

पुढचा भाग तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून भराभर सांगतो. १९१७ च्या कायद्याने जवळजवळ सगळ्या आशियाला बंदी झाली, १९२४ मध्ये ती आणखी आवळली. थिंड यांना शेवटी १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले, तेही महायुद्धातल्या सैनिकांसाठी केलेल्या वेगळ्या कायद्याखाली. २ जुलै १९४६ रोजी ट्रुमन यांनी सही केलेल्या कायद्याने हिंदी माणसाला नागरिक होण्याचा हक्क आला आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. फक्त शंभर! त्याच वर्षी तिथल्या परदेशगमनाच्या वकिलांनी आपली संघटना स्थापन केली. ती आजही आहे. मग १९६५ चा कायदा. देशवार कोटे गेले आणि कुटुंब एकत्र आणणे हा मुख्य हेतू ठरला. नागरिकाचे आईबाप, नवराबायको, अल्पवयीन मुले यांना संख्येची मर्यादा नाही. सज्ञान मुले आणि भाऊबहीण यांना रांग. भावंडांसाठी साऱ्या जगाला मिळून सध्या वर्षाला ६५,००० जागा आहेत आणि एकेका देशाला त्यातही मर्यादा. आपल्या देशाची रांग पंधरा वर्षांहून लांब आहे. आपली आजची सगळी धडपड या एका कायद्याच्या पोटात आहे.

आता त्या फाईलकडे येतो.

माझे थोरले बंधू १९७८ मध्ये इंजिनिअर म्हणून गेले, १९९२ मध्ये नागरिक झाले. मार्च १९९३ मध्ये त्यांनी आमच्या धाकट्या बहिणीसाठी अर्ज केला. नोव्हेंबर १९९५ मध्ये अर्ज मंजूर झाल्याची चिठ्ठी आली, आणि मग वाट पाहणे सुरू झाले. २००६ च्या जूनमध्ये तारीख लागली. तोवर तिची मुलगी, माझी भाची, एकवीस वर्षे दहा महिन्यांची झाली होती. आईवडिलांबरोबर जायचे तर मूल एकवीसच्या आतले हवे.

कागदपत्रांसाठी आम्ही एका सल्लागाराकडे गेलो होतो. कार्यालय वातानुकूलित, भिंतीवर स्वातंत्र्यदेवीचे चित्र, बोलणे मधासारखे. भाचीचे नाव पाहून तो म्हणाला, "ही एकवीसच्या वर गेली, हिचे होणार नाही. तुम्ही पुढे व्हा, नंतर बोलावून घ्या. सोपे असते." बहीण, मेहुणे आणि धाकटा भाचा डिसेंबरात गेले. भाची इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती आमच्याकडे राहिली. २००८ मध्ये तिचे लग्न झाले. स्थळ चांगले होते. मुहूर्त आम्हीच काढला.

२००९ मध्ये बहिणीने तिला बोलावून घ्यायचे ठरवले तेव्हा बंधूंनी या वेळी खरा वकील शोधला. कसा शोधला तेही सांगतो. तिथे प्रत्येक राज्यात वकिलांची नोंदवही असते आणि ती कोणालाही पाहता येते. हा कायदा साऱ्या देशाचा एकच असल्यामुळे वकील आपल्याच राज्यातला हवा असे नाही, पण कुठल्या तरी राज्याच्या नोंदवहीत त्याचे नाव हवेच. सरकारकडे तो स्वतःच्या नावाने हजेरीचा फॉर्म भरतो. जो माणूस तुमचे फॉर्म भरतो पण त्यावर आपले नाव घालायला तयार नसतो, तो वकील नव्हे. हे मला पटायला वेळ लागला नाही. १९७३ मध्ये होमिओपॅथीचा केंद्रीय कायदा झाला. त्याआधी आमच्यात टपालाने पदव्या मिळवून बसलेली माणसे थोडी नव्हती. मी पहिल्या दिवसापासून माझा नोंदणी क्रमांक भिंतीवर लावला आहे. आणि मीच माझ्या बहिणीला घेऊन त्या सल्लागाराकडे गेलो होतो. त्याच्या भिंतीवर क्रमांक आहे का, हे मी पाहिले नाही.

ती वकीलबाई ज्यू होती, वयस्क. तिने एका तासाची फी घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "१९९५ ची मंजुरीची चिठ्ठी कुठे आहे?" ती पाहून तिने कागदावर वजाबाकी केली. मार्च १९९३ ते नोव्हेंबर १९९५, बत्तीस महिने. २००२ मध्ये अमेरिकेत असा कायदा झाला आहे, की अर्ज मंजुरीसाठी जितके दिवस पडून राहिला तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करायचे. म्हणजे जून २००६ मध्ये माझी भाची कायद्याच्या हिशेबाने एकोणीस वर्षांची होती. ती आईबरोबर जाऊ शकत होती. मात्र तारीख लागल्यापासून एका वर्षाच्या आत मागणी करावी लागते, आणि ते वर्ष २००७ मध्ये संपले.

बंधूंनी विचारले, आता काय करता येईल? बाई म्हणाली, त्या अर्जावर काही नाही. दुसरा रस्ता? ग्रीन कार्ड असलेल्या आईला अविवाहित मुलीसाठी अर्ज करता येतो, विवाहित मुलीसाठी येत नाही. त्यासाठी आई नागरिक व्हावी लागते. मी फोनवर होतो. जुन्या अर्थाने वकील कसा असतो ते मी त्या दिवशी ऐकले: परक्या दरबारची खरी बातमी, जशी आहे तशी. आम्हा जैनांना 'स्यात्' म्हणायची लहानपणापासून सवय, एखादी गोष्ट एका अंगाने असेल आणि दुसऱ्या अंगाने नसेल. सल्लागाराच्या बोलण्यात 'स्यात्' कुठे नव्हते. बाईच्या प्रत्येक वाक्यात होते, आणि जिथे नव्हते तिथे सरळ 'नाही' होते.

बहिणीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दर दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी तिचा फोन येतो. आधी मी क्षमा मागतो, मग ती मागते. मी कशाची मागतो ते दोघांनाही ठाऊक असते.

वकीलबाईने आणखी एक काम लावले, आणि ते आपल्यासारख्या सीमेवरच्या सगळ्यांनी ऐकण्यासारखे आहे. पुढच्या अर्जासाठी तिने घरातले सगळे जन्माचे कागद मागवले. आमचे थोरले बंधू १९५४ मध्ये मुंबई राज्यात जन्मले. मी आणि बहीण म्हैसूर राज्यात. माझी मुले आणि भाची कर्नाटकात. खोली एकच, माळ्याखालची. वर २०१४ मध्ये गावाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग बदलले. कागद काही मराठीत, काही कन्नडात, काही इंग्रजीत. आईचे नाव एका दाखल्यावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. बंधूंची जन्मनोंद झालीच नव्हती, तर नगरपालिकेचा 'नोंद आढळत नाही' असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे. हे सगळे एकाच आईची लेकरे असल्याचे सिद्ध करण्यासाठी! परक्या अधिकाऱ्याला यात लबाडी दिसू शकते. आपण मात्र घर न हलवता राज्य बदललेली माणसे. गोव्यातल्या वाचकांना तर हे आमच्याहून जास्त कळेल. १९६१ च्या डिसेंबरआधी तिथे जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुलानातवंडांची नोंद पोर्तुगाल आजही करून घेते, आणि ती करून तिकडचे नागरिक झाले की भारताचे नागरिकत्व जाते, कारण आपली राज्यघटना दोन नागरिकत्वे एकत्र ठेवू देत नाही. त्यांनाही आधी कोणी तरी जुनी जन्मनोंद नीट वाचणारा शोधावा लागतो. पंडितांच्या खटल्यात सरकार जे म्हणत होते, की तू जिथे आहेस तिथेच असशील पण तुझा कागद बदलला, ते आपल्याला नवे नाही.

बहीण २०१२ मध्ये अमेरिकन नागरिक झाली आणि त्याच सप्टेंबरात तिने विवाहित मुलीसाठी अर्ज केला. ही रांगही लांब आहे. तो अजून रांगेतच आहे. मंजुरीची चिठ्ठी आली तेव्हा मी तिची प्रत मागवून घेतली, दाखल केल्याची आणि मंजुरीची अशा दोन्ही तारखांखाली लाल रेघ मारली आणि मधले दिवस मोजून समासात लिहिले. भाचीची थोरली मुलगी जानेवारी २०१० ची. ती माझ्याकडे सर्दीचे औषध न्यायला येते, मराठी मजेत वाचते, कन्नड माझ्याहून चांगले बोलते. जानेवारी २०३१ मध्ये तिला एकवीस पूर्ण होतील. चिठ्ठी आणि वजाबाकी दवाखान्यातल्या टेबलाच्या काचेखाली आहे.